छाती झाकायची वर्षं

दप्तर दोन्ही खांद्यांवर अडकवलं की पट्टे शर्ट मागे खेचतात आणि छातीचा आकार समोर स्पष्ट दिसतो. एकाच खांद्यावर अडकवलं तर शर्ट सैल राहतो. गडद रंगाचा, जाडसर कापडाचा, एक माप मोठा शर्ट सगळ्यात सुरक्षित. पावसात भिजायचं नाही. पळताना हाताची घडी घालता येत नाही, म्हणून पळायचंच नाही. सगळ्यांचा मिळून फोटो असेल तर मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड. चालताना अधूनमधून शर्ट चिमटीत धरून पुढे ओढायचा, म्हणजे तो अंगाला चिकटत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी हे सगळं शास्त्र मला तोंडपाठ होतं आणि ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

झालं होतं असं की डाव्या स्तनाग्राखाली एक टणकसर चकती हाताला लागायला लागली, शर्टाच्या बटणाएवढी. दाबली की दुखायची. काही आठवड्यांनी उजवीकडेही तेच. मी आधीपासून जरा गुबगुबीत, त्यामुळे ही चरबीच आहे असं मी गृहीत धरलं. वर्गातल्या मुलांनी नावं ठेवली. ती इथे लिहीत नाही. ज्यांना कधी ठेवली गेली त्यांना ती माहीत आहेत.

घरी सांगायचा प्रश्नच नव्हता. मुलगा आपल्या छातीबद्दल बोलतोय ही कल्पनाच मला अशक्य वाटायची. मुलींना आपल्या शरीराबद्दल फार ऐकून घ्यावं लागतं, पण निदान त्यांना त्याचा त्रास होतो हे जगाला मान्य आहे. मुलग्यांच्या बाबतीत सगळ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: तुला काय फरक पडतो?

पहिला उपाय अर्थातच जोर. दार लावून, रात्री, आवाज न करता. छातीचा व्यायाम केला की छातीची चरबी जाणार, असा सरळ हिशोब. शरीर तो हिशोब मानत नाही. कुठली चरबी आधी वापरायची हे शरीर स्वतः ठरवतं. कोणत्या स्नायूला ताण दिला याच्याशी त्याचा संबंध नसल्यातच जमा. माझं तर उलटंच झालं. खालचा स्नायू थोडा भरला आणि वरची चकती आणखी पुढे आली.

मग खाणं कमी करणं. हे फार सोपं निघालं, कारण वाढत्या वयाच्या मुलाने ‘बाहेर खाऊन आलो’ म्हटलं तर कुणाला शंका येत नाही. वजन झपाट्याने उतरलं. गाल आत गेले, पँट सैल झाली. भेटेल तो म्हणायचा, अरे वा, किती छान बारीक झालास! प्रत्येक कौतुकामागे मी आणखी एक जेवण चुकवत होतो. बोलणाऱ्यांचा हेतू चांगलाच असायचा, पण मुलाच्या शरीरावर बोलायचा आपल्याला एवढा सोस का असतो, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या काळातलं दुसरं काही आठवत नसलं तरी थंडी आठवते. सगळे पंखा लावून बसलेले आणि मी अंगावर जाड कपडे घालून. चिडचिड इतकी की घरातल्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. आणि रात्री अंथरुणात पडून मी तासन्‌तास काय बघायचो, तर स्वयंपाकाचे व्हिडिओ. जे पदार्थ मी खाणार नव्हतो ते कसे करतात, हे. आपल्या डोक्यात काहीतरी बिघाड झालाय असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

पुढे केव्हातरी मी अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या उपासमारीच्या प्रयोगाबद्दल वाचलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, ॲन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने तो केला होता. 36 निरोगी तरुण स्वतःहून सहभागी झाले. सहा महिने त्यांना जवळपास अर्धपोटी ठेवलं आणि त्यांचं वजन साधारण चतुर्थांशाने उतरवलं. ते तरुण काय करायला लागले? पाककृतींची पुस्तकं वाचायला, पाककृती गोळा करायला, दिवसभर जेवणाबद्दल बोलायला. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजायची, नाडी मंदावली, एकमेकांवर ते खेकसायचे. ते वाचून मला केवढं हलकं वाटलं! मी वेडा नव्हतो, उपाशी होतो.

आणि चकत्या? त्या होत्या तिथेच. उलट आजूबाजूची चरबी गेल्यामुळे जास्त उठून दिसत होत्या.

हे सगळं उघडकीला आलं ते वजनामुळे नव्हे. आईच्या लक्षात आली ती पँटची लांबी. माझ्या वयाच्या इतर मुलांच्या पँटी दर काही महिन्यांनी घोट्याच्या वर जात होत्या आणि माझी आदल्या वर्षीची पँट अजून लांबीला बरोबर बसत होती. तिने मला भिंतीला टेकवून उभं केलं, पेन्सिलीची खूण केली आणि जुन्या खुणेशी ताडून बघितलं. दोन्हींत फारसा फरक नव्हता. ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाबा मला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी पाच-दहा मिनिटं दोघांशी बोलून बाबांना बाहेर बसायला सांगितलं. वयात येणाऱ्या मुलाशी थोडा वेळ तरी एकट्याने बोलायचं ही अशा तपासणीतली साधी रीत आहे, पण मला ते फार मोठं वाटलं. बाबा खोलीत असते तर मी शर्ट काढलाच नसता. डॉक्टरांनी विचारलं: कुठली औषधं चालू आहेत का? पावडर, गोळ्या, मलम, मित्राने दिलेलं काही? दारू, गांजा? प्रश्न विचारताना त्यांचा चेहरा अजिबात बदलत नव्हता, त्यामुळे उत्तरं देणं सोपं गेलं.

मग तपासणी. आडवं झोपवून त्यांनी अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन बाजूंना ठेवली आणि हळूहळू स्तनाग्राकडे सरकवत आणली. नुसती चरबी असेल तर बोटं मधे कशालाच न अडता एकमेकांना भेटतात. माझ्या बाबतीत ती मधल्या चकतीला अडली. “ही चरबी नाही,” ते म्हणाले, “ही ग्रंथी आहे. तू कितीही उपाशी राहिलास तरी ती जाणार नाही.”

एवढ्या महिन्यांचा माझा सगळा कारभार या दोन वाक्यांत निकालात निघाला.

वयात येताना मुलग्यांच्या शरीरातही इस्ट्रोजेन, म्हणजे मुलींमध्ये जास्त असणारं संप्रेरक, तयार होत असतं. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची पातळी पुरेशी चढेपर्यंत मधल्या काळात दोघांचं प्रमाण थोडं बिघडतं आणि छातीतली मुळातच असलेली ग्रंथी वाढते. कमीअधिक प्रमाणात हे निम्म्याच्या आसपास मुलांना होतं आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतं. निम्म्या मुलांना! म्हणजे मला नावं ठेवणाऱ्यांपैकीही कितीतरी जण आपापल्या शर्टांच्या आत तेच घेऊन फिरत असणार. गाठ दगडासारखी कडक असेल, भराभर वाढत असेल, स्तनाग्रातून स्राव येत असेल किंवा वयात येण्याची बाकी काहीच लक्षणं नसताना ती आली असेल, तर मात्र पुढच्या तपासण्या लागतात. माझ्या बाबतीत तसं काही नव्हतं.

त्यानंतरचा भाग मला आयुष्यभर लक्षात राहील. डॉक्टरांनी खणातून एक माळ काढली. अंडाकृती मणी, लहानापासून मोठ्यापर्यंत, प्रत्येकावर आकडा. 1 मिलिलिटरपासून 25 पर्यंत. या मण्यांशी ताडून वृषणांचा आकार बघतात. स्वित्झर्लंडच्या प्राडर नावाच्या डॉक्टरांनी 1966 मध्ये ही माळ आणली. 4 मिलिलिटरचा टप्पा गाठला म्हणजे वयात येणं सुरू झालं असं धरतात. लाजेने माझे कान तापले होते आणि त्याच वेळी ही कल्पना कुणाला तरी कधीतरी सुचली असणार याचं हसूही येत होतं. वर्गात कोण ‘पुरुष’ झालंय यावर मुलं तावातावाने भांडतात आणि इथे त्याचं सरळ माप मण्यांच्या माळेत होतं.

वाढीचा तक्ताही त्यांनी दाखवला. मोठ्या माणसांसाठी बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा, एकच आकडा धरतात, पण वाढत्या मुलांसाठी वय आणि लिंग बघून वेगळ्या रेषा असतात. इंटरनेटवरच्या गणकयंत्रात मी स्वतःला घालून बघत होतो तो मोठ्यांचा हिशोब होता. माझी उंची एका रेषेला धरून वर चढत आली होती आणि शेवटच्या टप्प्यात ती रेषा सोडून सपाट झाली होती. मुलग्यांची उंची सरासरीने साडेतेरा-चौदाच्या सुमाराला सगळ्यात वेगाने वाढते, त्या काळात वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरदेखील. खांदे आणि स्नायू भरतात ते त्याच्या नंतर. आणि हे वेळापत्रक प्रत्येकाचं वेगळं. एकाच बाकावरची एकाच वयाची दोन मुलं शरीराने तीन-चार वर्षांच्या अंतरावर असू शकतात.

“मग व्यायाम बंद करू?” मी विचारलं.

“बंद कशाला? कर की. फक्त या गाठीसाठी करू नकोस. ती तिच्या वेळेने जाईल, तुझ्या जोरांनी नाही.”

घरचा वजनकाटा बाबांनी त्याच संध्याकाळी कपाटावर टाकला. तीन वेळा पोटभर जेवण, दर काही महिन्यांनी उंची मोजायला यायचं, एवढीच चिठ्ठी. उंचीची रेषा पुन्हा वर वळायला फार दिवस लागले नाहीत. पोटभर जेवायला शिकायला मात्र लागले. त्याबद्दल विस्ताराने लिहिण्यासारखं काही नाही. आई ताटासमोर बसून राहायची आणि मी जेवायचो.

व्यायाम शिकवणारे सर शाळेतच होते. त्यांच्याकडे जाऊन मी “बॉडी करायची आहे” असं सांगितलं, कारण तेव्हा मला यासाठी दुसरे शब्द माहीत नव्हते. त्यांनी माझ्या हातात झाडूची काठी दिली. कितीतरी दिवस मी काठीच खांद्यावर घेऊन बैठका मारत होतो आणि शेजारी मोठी मुलं रॉडला प्लेटा लावत होती. टाच उचलली जात नाही ना, गुडघे आत वळत नाहीत ना, पाठीला बाक येत नाही ना, हे जमल्याशिवाय वजन नाही. आठवड्यातून तीन दिवस, मधे विश्रांतीचा दिवस. ढकलायचा एक व्यायाम, ओढायचे दोन, बैठका, आणि वाकून वजन उचलणं. ओढायचे दोन का, तर छाती लपवण्याच्या नादात माझे खांदे पुढे आले होते आणि पाठीचा वरचा भाग गोल झाला होता. बाकीच्या दिवशी घामाघूम होईपर्यंत काहीही: पळा, पोहा, सायकल चालवा, चेंडू लाथाडा. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस याहून वेगळी नाही. 5 ते 17 वयाच्या मुलांनी सरासरी रोज 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडांना ताण देणारं काही असावं. तेव्हा पोहणं मी सोयीस्करपणे वगळलं.

आजीचा याला विरोध होता. वजनं उचलली तर उंची खुंटेल, असं तिचं ठाम मत. हा समज जगभर आहे आणि त्याला आधार नाही. शिकवणारं कुणी समोर असताना, नीट पद्धतीने, झेपेल तेवढं वजन उचलल्याने वाढ थांबत नाही. हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या पट्ट्यांना इजा होते ती बहुतेक वेळा कुणी बघायला नसताना, ईर्ष्येने, वजन अंगावर पडून. माझी उंची ज्याने अडली होती ते काय होतं हे आजीला कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

सरांचा एक नियम फार विचित्र वाटायचा. आरशाकडे पाठ करून व्यायाम करायचा. “पाय जमिनीला कसे लागतायत ते पायांना विचार, आरशाला काय कळतंय,” असं ते म्हणायचे. आणि एक वही. त्यात वजन किती, किती वेळा, आदल्या रात्री झोप किती, कसं वाटलं. स्वतःचं वजन लिहायचं नाही, दंडाचं माप लिहायचं नाही. झोपेचा रकाना आम्हाला उगाच वाटायचा. 13 ते 18 वयाला आठ ते दहा तास झोप लागते हे सर रोज बजावायचे आणि आम्ही रोज हसायचो. पण काही महिन्यांनी वही चाळली तर दिसलं की ज्या दिवशी झोप कमी त्या दिवशी उचललेलं वजनही कमी, आणि त्याच दिवसांच्या पुढे ‘कसं वाटलं’मध्ये ‘जाड दिसतोय’ असं लिहिलेलं. एका रात्रीत कुणी जाड होत नाही.

सुरुवातीच्या आठवड्यांत वहीतले आकडे पटापट वाढले आणि शरीर तसंच राहिलं. मला हे फसवणुकीसारखं वाटलं. सरांनी सांगितलं की आधी मेंदू आणि मज्जातंतू शिकतात. असलेल्या स्नायूतले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला ते शिकतात, म्हणून ताकद वाढते; स्नायू जाड व्हायला त्यापुढे वेळ लागतो आणि त्या वयात पुरेसं टेस्टोस्टेरॉन यावं लागतं. घाई करून ते येत नाही.

आता माझ्या मित्राबद्दल. त्याच्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहील.

तो माझ्या उलट. काडीसारखा बारीक आणि त्याची लाज वाटणारा. भर उन्हाळ्यात तो आतून दोन-तीन बनियनं घालायचा, जरा भरलेला दिसावा म्हणून. आम्ही दोघं एकत्र सरांकडे लागलो. त्याला मिळायला हवं ते मिळालं, खरंच चांगलं शरीर झालं, आणि त्याला ते दिसेना. एका बड्या जिममध्ये तो जायला लागला. तिथे एक सेट संपला की मुलं लगेच फोटो काढतात. त्या क्षणी स्नायूत रक्त भरलेलं असतं, दंड फुगलेला दिसतो, तासाभरात तो पूर्ववत होतो. आपण पडद्यावर बघतो ते फोटो तर त्याच्याही पुढचे असतात: प्रकाश बाजूने, अंगाला तेल, आधीचे काही दिवस पाणी आणि मीठ कमी केलेलं. त्या शरीराचा मालकसुद्धा आठवड्याचे सातही दिवस तसा दिसत नाही. हे सगळं मित्राला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. माहीत असण्याचा उपयोग झाला नाही.

हळूहळू तो कुणाच्या वाढदिवसाला येईना, कारण तिथे ठरलेल्या वेळी ठरलेलं प्रोटीन मिळणार नाही. ताप असताना व्यायाम केला. या त्रासाला वैद्यकात जागा आहे हे मला नंतर समजलं. हॅरिसन पोप हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये 108 बॉडीबिल्डर तपासले, तेव्हा त्यांच्यातल्या काही जणांची गोष्ट अगदी अशी निघाली: धिप्पाड माणसं, आणि आपण किरकोळ आहोत या समजुतीने अंग झाकून फिरणारी. उपाशी राहणाऱ्या रुग्णांना हाडं दिसत असताना आपण जाड आहोत असं वाटतं, त्याचा हा उलटा आरसा. 1997 मध्ये त्याला मसल डिसमॉर्फिया म्हणायला लागले आणि 2013 च्या अमेरिकन मानसिक आजारांच्या वर्गीकरणात तो शरीरप्रतिमेच्या विकाराचा एक प्रकार म्हणून नोंदला गेला.

प्रोटीन पावडरवर मला फार बोलायचं नाही. अंडी, दूध, डाळी, मासे पुरेसे खाणाऱ्या मुलाला ती सहसा लागत नाही, आणि डब्यात लेबलाबाहेरचं काहीही असू शकतं. पण पावडरीनंतर जे पुढ्यात आलं त्यावर बोलायलाच हवं. जिममधल्या एका मोठ्या मुलाने मित्राला ‘सायकल’ देऊ केली, म्हणजे स्टेरॉइडची इंजेक्शनं. मित्र मला विचारायला आला, कारण डॉक्टरकडे जाऊन आलेला मी एकटाच होतो. मी त्याला जे माहीत होतं ते सांगितलं. बाहेरून टेस्टोस्टेरॉनसारखं काही आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, वृषणं आक्रसतात. वाढत्या वयात हाडांच्या वाढीच्या पट्ट्या वेळेआधी बंद होतात, म्हणजे उंची तिथेच संपते. आणि जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं शरीर इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं, त्यामुळे छातीत ग्रंथी वाढते. हे सांगताना मी त्याचा हात धरून माझ्या शर्टाच्या आतल्या चकतीवर ठेवला. “हे विकत घेणार आहेस तू,” मी म्हणालो. त्या गाठीला हात लावणारा तो डॉक्टरांनंतरचा पहिला माणूस. त्याने इंजेक्शनं घेतली नाहीत. फक्त त्यामुळेच नाही घेतली असा माझा दावा नाही. त्याच्या मोठ्या बहिणीलाही कळलं होतं आणि तिचा धाक माझ्या चकतीपेक्षा मोठा होता. तिनेच त्याला समुपदेशकांकडे नेलं.

तोवर मी स्वतःला बरा झालेला समजत होतो. उंची वाढली होती, खांदे रुंदावले होते, स्वतःच्या वजनाएवढा रॉड जमिनीवरून उचलत होतो. उजवीकडची चकती जवळजवळ गेली होती. मग वर्गाची सहल निघाली, तिथे तलाव होता, आणि सगळे पाण्यात उड्या मारत असताना मी शर्ट घालून काठावर बसलो. तोच गडद, एक माप मोठा शर्ट. शरीर बदललं होतं आणि झाकायची सवय तिळभरही हलली नव्हती. काचेचं दार दिसलं की बघ, खिडकीत बघ, बंद फोनच्या काळ्या पडद्यात बघ, आंघोळीआधी चिमटीत धरून बघ. व्यायामाने या कशालाच हात लावला नव्हता.

मित्राच्या ओळखीने मी त्याच समुपदेशकांकडे गेलो. त्यांनी माझं शरीर चांगलं आहे असं एकदाही म्हटलं नाही, हे मला फार आवडलं. आधी नुसती नोंद करायला लावली: केव्हा तपासतोस, त्याआधी काय झालं होतं, तपासल्यावर किती वेळ बरं वाटलं. बरं वाटणं काही मिनिटांचं असायचं. मग पुन्हा तपासावंसं वाटायचं, आधीपेक्षा लवकर. लिहून काढल्यावर ते इतकं उघड दिसलं की मला रागच आला.

मग आरसा. हातभर अंतरावर, नेहमीच्या उजेडात उभं राहायचं आणि डोक्यापासून पायापर्यंत सगळं सांगत जायचं, कुठेही न थांबता, कुठेही न वाकता. केस काळे, कपाळ रुंद, खांद्यावर तीळ, छातीवर मधे थोडे केस, डावी बाजू उजवीपेक्षा किंचित भरलेली, पोट, गुडघ्यावर जुनी खूण. ‘घाणेरडी’ हा शब्द चालणार नाही. रंग, आकार, जागा, एवढंच. पहिल्यांदा मी गळ्यापासून थेट छातीवर गेलो आणि तिथेच अडकलो. खांद्यावर तीळ आहे हे मला माहीतच नव्हतं.

त्याबरोबर एक उतरंड केली. कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत. दप्तर दोन्ही खांद्यांवर. घरात मापाचा टी-शर्ट. मापाच्या टी-शर्टात वर्गात. पळणं. फोटोत पुढच्या रांगेत. शेवटी पोहणं. प्रत्येक पायरीवर अट एकच, शर्ट ओढायचा नाही. ही अट नसती तर सगळं सोपं होतं. हाताला जणू दुसरं कामच माहीत नव्हतं. दप्तराच्या पायरीवर मी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त काळ अडकलो. भीती वर चढते, काही वेळ टिकते आणि मग काही न करताच उतरते, असं समुपदेशक सांगायचे. मला वाटायचं, यांना काय जातंय सांगायला. पण ती उतरायची, हे खरं. प्रत्येक वेळी नाही.

पोहायला मी सरांबरोबर गेलो, सकाळी, गर्दी नसताना. शर्ट काढला, पाण्यात उतरलो आणि तळाला पाय टेकेनात म्हणून घाबरलो, कारण पोहणं इतकी वर्षं टाळल्यामुळे मला ते येतच नव्हतं. पहिला सगळा वेळ बुडू नये या चिंतेत गेला. छातीचा विचार करायला सवड मिळाली नाही.

मित्र अजून जातो समुपदेशकांकडे. त्याचं माझ्यासारखं सरळ झालं नाही. मधे एकदा फार बिघडलं होतं. आता तो आठवड्यातून एक दिवस व्यायाम मुद्दाम चुकवतो, उपचाराचा भाग म्हणून, आणि त्या दिवशी त्याच्याशी कुणी बोलू नये हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

माझी डावी चकती राहिली आहे. वर्षभराहून जास्त टिकलेली गाठ तंतुमय होत जाते आणि मग ती आपोआप जाण्याची शक्यता कमी होते. वयात येणं पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रिया करता येते, म्हणून परवा एका सर्जनना दाखवून आलो. स्तनाग्राच्या कडेने छोटा छेद, बहुधा त्याच दिवशी घरी, नंतर काही आठवडे घट्ट बनियन. करायलाच हवी असं नाही, तुला हवी तर करू, असं ते म्हणाले. मी पुल-अप्स किती दिवस बंद ठेवाव्या लागतील ते विचारलं. साधारण महिना-दीड महिना. सध्या पुल-अप्स रंगात आल्या आहेत, तेव्हा परीक्षा झाल्यावर बघू, असं सांगून आलो.